मे मध्ये मालवण-तारकर्ली: कपडे काय न्यायचे आणि चेहऱ्याला काय लावायचं?

रंकाळा_संध्याकाळ

नमस्कार मंडळी. मे अखेरीस आम्ही घरचे सगळे मालवण-तारकर्लीला जायचं म्हणतोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, सासूबाई आणि नणंद. गाडी घरचीच, कोल्हापूरहून गगनबावड्यावरून खाली उतरायचं आणि मुक्काम देवबागला. आता गाडीत पाच माणसं म्हटल्यावर डिकीत प्रत्येकीची एकच छोटी बॅग बसणार, आणि माझं कपाट उघडलं की एका बाजूला ऑफिसचे कुर्ते-लेगिंग्ज, दुसऱ्या बाजूला लग्नाकार्याचं, मधलं काहीच नाही. रील्स बघितल्या तर त्यात पांढरे लिनन, मोठ्या टोप्या आणि चेहऱ्याला लावायच्या आठ-आठ बाटल्या, ते सगळं घ्यायचं तर ट्रिपपेक्षा तयारीचाच खर्च जास्त होईल.

तर मला सांगा, कपडे कुठल्या कापडाचे आणि किती न्यावेत? पाण्यात उतरायला काय घालावं (स्विमसूट नको, सासूबाई आहेत म्हणून नाही, मलाच त्यात मोकळं वाटत नाही)? सनस्क्रीन ३० चं की ५० चं? पायात काय? केसांचं काय करायचं? सगळं मिळून तीन हजारात बसवायचंय आणि महाद्वार रोड, राजारामपुरी, गांधीनगर इथं मिळेल असंच सांगा, ऑनलाइन मागवलं की माझा साइज हमखास चुकतो.

शाहूपुरी_५वी_गल्ली

आधी बॅगेतनं जीन्स बाहेर काढ बघू. आम्ही बहिणी-बहिणी उन्हाळ्यात कोकणात उतरतो आणि मी दर वेळी हेच सांगतो सगळ्यांना. आपल्याकडचं ऊन कोरडं, सावलीला बसलं की गार वाटतं आणि रात्री तर वारं सुटतंच, कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर हाय म्हणून तेवढं तरी सुख. घाट उतरलीस की हवाच बदलते, घाम येतो पण वाळत नाही, रात्रीपण अंग चिकचिकतंच. तिथं जीन्स एकदा ओली झाली की दुसऱ्या दिवशीपण दमटच ऱ्हाते आणि बॅगेत कुबट वास धरते, मग बाकीच्या कपड्यांना पण तोच वास.

मी काय नेतो सांगतो. दोन सैल पातळ पँट, पलाझो म्हण नाहीतर कॉटनची सलवार. तीन-चार कुर्ते किंवा शर्ट, लांब बाहीचे आणि एकमेकांवर चालतील अशा रंगाचे, म्हणजे कुठलंही वरचं कुठल्याही खालच्यावर जातं. रात्रीला एक गाऊन. आणि तुझ्याकडं गाडीवर घालायचा सनकोट असंलच की! कोल्हापुरात कुठल्या बाईकडं नाही तो? तोच घे, नवीन काय घेऊ नको. पातळ कॉटनचा, पुढनं उघडा, बोटीत बसताना वरनं चढवायचा, देवळात जाताना चढवायचा, किल्ल्यावर तर लईच उपयोग. रीलवाल्या बायका जे पातळ लांब जॅकेट दोन हजाराला घेतात ते आपल्या सनकोटपेक्षा काय वेगळं नसतंय. स्कार्फ पण तोच, तोंडाला बांधायचा.

पांढरं मात्र नको बघ. भिजलं की आरपार दिसतंय आणि तिकडच्या जांभ्या दगडाची तांबडी माती एकदा लागली की जात नाही. बॉटल ग्रीन, निळा, मरून, छापाचं कापड घे, डाग पण दिसत नाहीत आणि फोटोत समुद्रासमोर उठून दिसतंय.

आणि पायात कोल्हापुरी नको. आपला जीव त्यात अडकलेला असतो, २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय, सगळं खरं, पण ते बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं अस्सल कातडं, खाऱ्या पाण्यात भिजलं की फुगतंय आणि वाळताना आकसून वाकडं होतंय. चप्पल लाइनीत घेतलेला चांगला जोड वाळूत घालवू नको. मागनं पट्टा असलेलं रबराचं सँडल घे, साधी स्लीपर लाटेत पायातनं निघून जाती. रात्री जेवायला बाहेर जाताना कोल्हापुरी घातलीस तर चालंल, कोरडी ऱ्हाईल.

गांधीनगर_कापड

कापडाबद्दल थोडं सांगतो, आमचा धंदाच तो आहे. ताई, उन्हाळा म्हटलं की सगळ्या गिऱ्हाइकांचं एकच, प्युअर कॉटन दाखवा. कॉटन चांगलंच, घाम पितं, पण प्यायलेलं पाणी सोडायला वेळ लावतं, आणि कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच. म्हणून दिवसभर कोरड्यात फिरायला कॉटन आणि पाण्यात उतरायला पॉलिस्टर किंवा नायलॉन, ही वाटणी डोक्यात ठेवा. कॉटनमध्ये मलमल किंवा कॅम्ब्रिक (घट्ट विणीचं हलकं कॉटन) घ्या, मलमल सगळ्यात लवकर वाळतं पण अस्तर लागतं, कॅम्ब्रिकला सहसा लागत नाही. रेयॉन दुकानात हाताला फार छान लागतं, अंगावर गार पडतं, पण ओलं झालं की जड होतं, लोंबतं, आणि स्वस्तातलं असेल तर पहिल्या धुण्यात आटतं. फिरायला ठीक आहे, पाण्याजवळ नको. लिननला सुरकुत्या पडणारच, छोट्या बॅगेत कोंबलेलं लिनन बाहेर काढून घालायचं तर इस्त्री लागते आणि होमस्टेला प्रत्येक ठिकाणी ती मिळेलच असं नाही.

वेळ असेल तर कापड घेऊन शिवून घ्या. इचलकरंजीचं कॅम्ब्रिक आपल्याकडं सहज मिळतं, सरळ कटचा कुर्ता, दोन्ही बाजूला खिसे आणि कॉलर एवढं टेलरला सांगा. कॉलरचं मुद्दाम म्हणतोय, मानेच्या मागच्या बाजूला ऊन फार लागतं आणि तिकडं कुणाचं लक्ष नसतं. फक्त शिवायच्या आधी कापड एकदा पाण्यातून काढून घ्या म्हणजे नंतर आटायची भीती नाही. आणि विणीकडं बघा, कापड उजेडाकडं धरायचं, पलीकडचं स्पष्ट दिसत असेल तर ऊनपण तसंच आत येणार.

पाण्यासाठी पूर्ण बाहीचा ड्रायफिटचा (लवकर वाळणारा) टीशर्ट आणि स्विमिंगची घोट्यापर्यंतची लेगिंग, स्पोर्ट्सच्या दुकानात मिळते. घरातली कॉटनची लेगिंग घालून समुद्रात उतरू नका, पाणी पिऊन ती खाली ओढली जाते.

मालवणची_लेक

माहेर मालवण, सासर कोल्हापूर, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

ताई, कपड्यांच्या आधी तारखा बघा! मे अखेर म्हणताय, पण साधारण २५-२६ मे नंतर सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि वॉटर स्पोर्ट्स सगळं बंद होतं ते पार ३१ ऑगस्टपर्यंत, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून. लेकीला किल्ला दाखवायचा असेल, स्नॉर्केलिंग (मास्क लावून पाण्याखालचं बघणं) करायचं असेल तर एक आठवडा तरी अलीकडे या. त्या दिवसांत वळीवही गाठतो कधी कधी, संध्याकाळी एकदम अंधारून येतं, म्हणून प्रत्येकीनं घडीची छत्री ठेवा, दुपारी तीच उन्हाला होते.

किल्ल्यात आत सावली कमी. शिवराजेश्वराच्या मंदिरात चपला काढाव्या लागतात आणि दुपारी दगड असा तापलेला असतो की पाय ठेववत नाही, तर सकाळची पहिली-दुसरी होडी धरा आणि बॅगेत सगळ्यांचे जुने मोजे टाका. देवबागच्या पुढं त्सुनामी आयलंडला तर नुसती वाळू आणि पाणी, तिथं टोपी हवीच, हनुवटीखाली नाडी बांधायची हवी नाहीतर वाऱ्यानं कर्ली नदीत जाईल.

चेहऱ्याच्या सामानात एकच गोष्ट आमच्याकडून विकत घ्या, मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल, ते थिजून पिवळसर गोळा होतो. माझी आजी भेगाळलेल्या टाचांना, ओठांना सगळ्याला तेच लावायची, मी अजून लावते. रात्री थोडं वितळवून टाचांना आणि ओठांना लावायचं, खाऱ्या पाण्यानं आणि वाळूनं टाचा फार कोरड्या पडतात. बाजारात विचारलंत तर मिळतं, आणि महिनोन्महिने पुरतं. फक्त ते रात्रीचं, दिवसा सनस्क्रीनच्या जागी नको, त्यानं ऊन अडत नाही.

केसांचं सांगते. पाण्यात जायच्या आधी साध्या पाण्यानं केस पूर्ण भिजवा, भिजलेले केस खारं पाणी कमी ओढतात. मग थोडं खोबरेल लावून घट्ट वेणी. मोकळे केस सोडून फोटो काढायचे असतील तर ते आधी काढून घ्या. आल्यावर लगेच गोड्या पाण्यानं धुवा आणि रुंद दातांच्या फणीनं खालून वर सोडवत या. शाम्पू-कंडिशनर दोन्ही छोट्या बाटलीत घरचंच न्या, तिथल्या विहिरीचं पाणी काही ठिकाणी मचूळ असतं, फेस कमी होतो, त्यात नवीन शाम्पू आणि कशाला.

स्किन_क्लिनिक_काउंटर

मी त्वचेच्या डॉक्टरांकडे काउंटरला असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे कोकणातून आलेल्यांची रांग असते, नाक सोललेलं, मान काळी-निळी, घामोळं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

३० की ५० यावर लोक फार डोकं लावतात. एसपीएफ (ट्यूबवरचा ऊन अडवायचा आकडा) ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे किरण) अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, म्हणजे फरक एक टक्क्याचा. खरा फरक पडतो तो किती लावता त्याच्यानं. हे आकडे भरपूर थर लावून मोजलेले असतात आणि आपण वाटाण्याएवढं लावतो. चेहरा आणि मान यांना मिळून दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढाल इतकं लागतं. बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी परत, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर अंग पुसून लगेच परत. ट्यूबवर ब्रॉड स्पेक्ट्रम किंवा पीए+++ आणि वॉटर रेझिस्टंट हे शब्द आहेत का बघा, वास आणि रंग बघून घेऊ नका.

आता हिशोब करा. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब म्हणजे दोन वेळासुद्धा पुरत नाही आणि तुम्ही पाच जण! म्हणून वर सनकोट आणि लांब बाह्या सांगितल्यात ना, तेच खरं सनस्क्रीन. अंग कपड्यानं झाका आणि क्रीम उघड्या राहणाऱ्या जागांना ठेवा, चेहरा, कान, मान, हाताची मागची बाजू, पावलं. पावलं सगळे विसरतात आणि सँडलच्या पट्ट्यांचे पांढरे-काळे पट्टे घेऊन येतात. असं केलंत तर दोन ट्यूबमध्ये घर निभावेल. लेकीसाठी झिंक ऑक्साइडवालं घ्या, थोडं पांढरं दिसेल पण लहान मुलांना सहसा चुरचुरत नाही. ट्यूब उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, तापून खराब होतं.

निघायच्या तोंडावर पार्लरला पळू नका ही विनंती. ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग जे करायचं ते निदान तीन दिवस आधी, ताज्या वॅक्सिंगवर खारं पाणी आणि ऊन म्हणजे आग होते. ग्लायकोलिक किंवा रेटिनॉलवालं क्रीम लावत असाल तर आठवडाभर आधी बंद करा. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात अजिबात जायचं नाही, लिंबाचा रस आणि ऊन यानं अक्षरशः भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. नवीन कुठलंही क्रीम आधी दोन-तीन दिवस कानामागं लावून बघा.

बाकी सामान म्हणाल तर रोजचा फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, एसपीएफवाला लिप बाम, कॅलामाइन लोशन. झालं. फाउंडेशन घामात ओघळतं, काजळ स्नॉर्केलिंगच्या मास्कच्या आत पसरून डोळे चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर पाण्यात उतरताना काढा, इन्फेक्शन होतं.

आणि हे नवऱ्यालापण वाचून दाखवा, ओल्या चड्डीवर दिवसभर बसू नका. जांघेत खाज सुटली की लोक मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणतात, चार दिवस बरं वाटतं आणि नंतर पसरतं. कोरडे कपडे बदलायचे एवढंच करा, तरीही झालं तर डॉक्टरांना दाखवा.

रंकाळा_संध्याकाळ

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार! नवऱ्याला सांगून ट्रिप एक आठवडा अलीकडे घेतली, होडी बंद होते हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सनकोट धुवायला टाकला, उद्या गांधीनगरला जाऊन दोन कुर्त्यांचं कॅम्ब्रिक घेते. एकच राहिलं, सासूबाई साडीच नेसतात, ड्रेस घालणार नाहीत आणि मी आग्रहही करणार नाही. त्यांना पाण्याजवळ यायची तर फार हौस आहे. कुठली साडी न्यावी?

शाहूपुरी_५वी_गल्ली

माझी आई पण साडीतच असते. किल्ल्याला आणि देवळाला तिची नेहमीची सुती साडी चालती. पाण्याकडं जाताना साधी सिंथेटिक, जॉर्जेटची, वजनाला हलकी, ती पिळली की तासा-दोन तासात वाळतीया. घोट्याच्या वर नेसायला सांग आणि फॉल नसलेली जुनीच साडी घे, फॉलमध्ये वाळू शिरून बसती ती निघत नाही. आत नुसत्या परकराऐवजी गुडघ्यापर्यंतची सैल चड्डी नाहीतर सायकलिंग शॉर्ट्स आणि वरनं पातळ परकर असं केलंस तर मांड्या घासत नाहीत, दमट हवेत वयस्कर बायकांना त्याचाच त्रास लई होतो आणि त्या सांगत नाहीत. ब्लाऊज कॉटनचे जास्त घे, साड्या दोन-तीन बास.

मालवणची_लेक

आणि त्यांना संध्याकाळी पाचनंतर देवबागच्या संगमाच्या (कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं) बाजूला न्या, ऊन उतरलेलं असतं. मात्र तिथं प्रवाहाला ओढ असते, आत उतरू देऊ नका, तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाऊलभर पाण्यात लेकीबरोबर हात धरून उभ्या राहू देत. बसायला घरून एक जुनी चादर आणा.