इंदूर: कीबोर्डसाठी एकच पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला) स्पीकर घ्यायचा आहे. ८, १० की १२ इंची?

तीनसप्तक
नमस्कार मंडळी. सुगम संगीत आणि नाट्यसंगीताच्या साथीसाठी कीबोर्डचा स्वतंत्र स्पीकर घ्यायचा आहे. जागा दोन प्रकारच्या: रामबाग, लोकमान्य नगर भागातले शे-सव्वाशे माणसांचे हॉल, आणि गणपतीत सोसायटीच्या अंगणातला मंडप, दोनेकशे श्रोते. सोबत गायक, तबला, कधी ढोलकी. सध्या ६१ पट्ट्यांचा, तालाची साथ आपोआप देणारा अ‍ॅरेंजर आहे, त्याला मागे हेडफोन आणि आउटपुट मिळून एकच भोक. पुढे ८८ पट्ट्यांचा स्टेज पियानो येईल. स्पीकर एकट्याने जिना चढवता यावा आणि रिक्षात मावावा. दुकानात कोणी १००० वॅट सांगतो, कोणी २०००. त्यावरून काय धरायचं?

खर्जातला_सा
वॅटवरून काहीच धरू नका. डब्यावर मोठ्या अक्षरात असतो तो क्षणिक कमाल आकडा. यामाहा डीबीआर१० चंच बघा: जाहिरातीत ७०० वॅट, सलग चालण्याचे ३२५. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. मोकळ्या अंगणात मात्र अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. एका मीटरवर जे ऐकू येतं त्यातले सोळा मीटरवर २४ कमी. म्हणून मंडपात स्पीकरची उंची आणि रोख वॅटपेक्षा जास्त कामाचे. ३५ मिलिमीटरच्या स्टँडवर चढवून ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून जाऊ द्या. जमिनीवर ठेवलात तर पहिल्या दोन रांगा सगळा आवाज खातात आणि मागे नुसती घुमघुम पोचते.

आकाराचा, म्हणजे आतल्या मोठ्या शंकूच्या इंचांचा, निर्णय डाव्या हातावर घ्या. ८८ पट्ट्यांचा सगळ्यात खालचा स्वर २७.५ हर्ट्झ आहे, पण तो कोणत्याच ८ किंवा १० इंचीत पूर्ण निघत नाही आणि त्याची गरजही नसते, कारण कान वरच्या स्वरांशांवरून तो ओळखतो. प्रश्न ५५ ते १२० हर्ट्झचा आहे. डाव्या हाताने बेस लाइन वाजवत असाल, किंवा अ‍ॅरेंजरची ऱ्हिदम चालवत असाल, तर ८ इंची तिथे दमतो: आतला लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं सर्किट) बेस दाबतो आणि त्याबरोबर पियानोही आत-बाहेर हलायला लागतो. फक्त ऑर्गन, हार्मोनियम, स्ट्रिंग्ज, बासरी वाजवणार असाल तर ८ इंची पुरतो.

माझं मत १० इंची. डीबीआर१० चं वजन १०.५ किलो, एका हाताने जिना चढतो. क्यूएससी के१०.२ आवाजात पुढे आहे, पण १४.५ किलो. तिसऱ्या मजल्यावर ते चार किलो फार जाणवतात.

कॅननपिन
आकार ठरेलच, पण तुमच्या एका भोकामुळे जे होतं ते आधी वाचा. ह्यात अर्धे लोक स्पीकरला दोष देऊन परत करतात.

ते हेडफोनचं आउटपुट स्टिरिओ आहे: टोकाला डावं, मधल्या कड्याला उजवं. दुकानदार त्यात दोन्हीकडे स्टिरिओ पी-३८ (पाव इंची जॅक) असलेली केबल लावून देतो. स्पीकरची लाइन इनपुट मात्र बॅलन्स्ड असते, ती टोकातून कडं वजा करते. म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूत जे सारखं आहे ते सगळं गायब. बेस गेला, किक गेला, पियानोचा गाभा गेला. उरतो नुसता रिव्हर्ब (घुमारा), विहिरीतून आल्यासारखा. स्पीकर ठणठणीत असतो.

मोनो पी-३८ खुपसणं हाही उपाय नव्हे. मोनो जॅक उजव्या बाजूला अर्थशी शॉर्ट करतो. उजवीकडचं ऐकूच येत नाही आणि आतल्या हेडफोन अ‍ॅम्पवर ताण येतो.

बरोबर केबल अशी: एका टोकाला स्टिरिओ पी-३८, दुसरीकडे दोन मोनो पी-३८. डावा पहिल्या चॅनलला, उजवा दुसऱ्याला. म्हणून घेताना दोन लाइन इनपुट असलेलाच स्पीकर घ्या. जेल रोडवर तयार मिळते, पण झाकण उघडून टाके बघा. शील्डची जाळी पिळून एकाच थेंबात डकवलेली असेल तर दोन कार्यक्रमांत तुटते. लांबी ५ मीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब न्यायचं असेल तर दोन चॅनलचा डीआय बॉक्स (सिग्नल लांब तारेसाठी बॅलन्स्ड करणारी डबी) आणि पुढे कॅनन (तीन पिनांची एक्सएलआर) केबल.

स्टेज पियानो आला की उलट काळजी. त्याला डावा/मोनो आणि उजवा असे दोन जॅक असतात. एकाच स्पीकरवर वाजवताना फक्त डावा/मोनो लावा, उजवं भोक रिकामं राहिलं तरच तो आत दोन्ही बाजू एकत्र करतो. एवढं करूनही मधल्या सप्तकाचे स्वर पोकळ वाटले, तर त्या टोनसाठी दोन मायक्रोफोनांनी घेतलेली डावी-उजवी ध्वनिमुद्रणं एकत्र आल्यावर एकमेकांना खातायत. अशा वेळी त्यातला मोनो पियानो टोन निवडा. ईक्यूने (बेस-ट्रेबल कमी-जास्त करून) हे भरून निघत नाही.

मंडपवाला_साउंड
१० इंचीशी सहमत, पण ढोलकी असली आणि कीबोर्डवरच ऱ्हिदम चालत असली तर मंडपात १२ इंची घ्या. १० इंची तिथे सतत लाल (लिमिटरच्या) दिव्यावर राहतो. दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालेल, पेटून राहिला तर नाही. तंबोरा आणि तबल्याच्या मैफलीला ही गोष्ट लागू नाही.

बॅटरीवाले (बोस एस१ प्रो ७ किलोच्या आसपास, जेबीएल इऑन वन कॉम्पॅक्ट ८ किलो) घरगुती बैठकीला उत्तम. ११-१२ तासांचा दावा मध्यम आवाजाचा असतो, पूर्ण आवाजात इतके तास मिळत नाहीत. आणि ब्लूटूथवरून कीबोर्ड कधीच वाजवू नका. पट्टी दाबल्यावर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने किंवा त्याहून उशिरा येतो, तबल्याबरोबर सम गाठताच येत नाही.

तीनसप्तक
कॅननपिन, फार आभार. सध्याची केबल दोन्हीकडे स्टिरिओच आहे! दोन इनपुटचा १० इंची पक्का करतो. आता दोन शंका: मंडपात अ‍ॅडॉप्टर लावला की घुं असा आवाज येतो, आणि स्टेजवर एकच स्पीकर असेल तर तो ठेवायचा कुठे?

मंडपवाला_साउंड
घुं आला तर आधी कीबोर्ड, स्पीकर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. तरी राहिला तर डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या तारेतली अर्थ तोडणारं बटण) दाबा. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन कापू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ओल्या मंडपात माणूस जातो.

त्याहून मोठा धोका न्यूट्रलचा (विजेच्या परतीच्या तारेचा). थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल सैल झाला की २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्ट येतात आणि स्पीकरचा पॉवर सप्लाय क्षणात जातो. प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने बघा: २१० ते २४० असेल तरच लावा. सगळा मंडप पेटल्यावर पुन्हा बघा, कारण भार पडल्यावरच सैल न्यूट्रल उघड होतो. जास्त व्होल्टेजला कापणारा प्रोटेक्टर पिशवीतच ठेवा. चालू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना आधी.

खर्जातला_सा
जागा: तुमच्या मागे दीड मीटर, थोडा बाजूला, खांद्याच्या उंचीवर. कीबोर्डला माइक नसल्यामुळे त्याचा फीडबॅक होत नाही, त्यामुळे तोच स्पीकर तुम्हालाही ऐकू येतो आणि समोरही जातो. गायकाच्या माइकच्या तोंडासमोर मात्र नको, नाहीतर कीबोर्ड त्या माइकमधून दुसऱ्यांदा बाहेर पडतो. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलात तर खर्ज फुगतो. लाकडी तख्तांच्या स्टेजवर तेच होतं, आणि त्यावर डीबीआर१० च्या मागचा हाय-पास (खालचे स्वर कापणारा स्विच) १०० हर्ट्झवर टाकणं हा सोपा इलाज.

स्पीकरच्या इनपुटजवळचा स्विच लाइनवर हवा, माइकवर नाही. कीबोर्डचा आवाज तीन चतुर्थांश, स्पीकरची चकती मध्यावर, तिथून कमी-जास्त करा. कीबोर्ड अगदी खाली आणि स्पीकर पूर्ण वर ठेवलात तर सूं-सूं ऐकू येते, आणि हार्मोनियमच्या शांत आलापात ती पहिल्या रांगेपर्यंत पोचते.

गणपतीत रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, आणि त्याआधीही आवाराच्या हद्दीवर नियमाने ठरलेल्या डेसिबल मर्यादेच्या वर जायचं नाही. त्या हिशोबात १० इंचीचा अर्धा आवाजसुद्धा वापरला जाणार नाही.

दुकानात जाताना स्वतःचा कीबोर्ड आणि ती दोन-मोनोवाली केबल न्या. डाव्या हाताने काळी चार ते खालचा सा असे सावकाश उतरा. एखादा स्वर अचानक मोठा वाटला तर तो खोलीचा की स्पीकरचा, हे स्पीकर दोन पावलं सरकवून कळतं. जागा बदलूनही तोच स्वर फुगत असेल तर दुसरा नग मागा.