शब्दचर्चा: प्रेम, प्रीती आणि नुसतं "करणं"

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात नगरला मामेबहिणीचं लग्न झालं, चर्चमध्ये, आणि मला बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला १३ वा अध्याय वाचायला दिला होता. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, प्रीती हेवा करत नाही, प्रीती बढाई मारत नाही, फुगत नाही". लहानपणापासून पाठ आहे त्यामुळे मी वाचून खाली आले, तर ऑफिसातली मैत्रीण आली होती ती जेवताना म्हणाली, अगं प्रीती म्हणजे लव्हच ना, मग चिडत नाही, हेवा करत नाही असं प्रेम कोण करतं? माझा नवरा दुसऱ्या कुणीबरोबर जास्त बोलला तर मला हेवा वाटणारच, आणि नाही वाटला तर माझं त्याच्यावर प्रेमच नाही असं होईल.

मला तिथं धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं की तिच्या कानाला "प्रीती" म्हणजे सिनेमातली प्रीत, चांदणं, भेट, विरह. आमच्या कानाला प्रीती म्हणजे देवाची, शेजाऱ्याची, वैऱ्याचीसुद्धा. एकच शब्द आणि दोन घरांत दोन अर्थ. म्हणून इथे विचारते. हा शब्द आपल्याकडे असा कसा झाला, आणि दोन्ही अर्थ वेगळे दाखवायला मराठीत दुसरा काही शब्द आहे का?

जुना मास्तर:
चांगला विषय काढलात ताई. मूळ ग्रीकमध्ये तिथं "अगापे" आहे. स्त्रीपुरुषांच्या ओढीला ग्रीक लोक "इरोस" म्हणत आणि हा शब्द नव्या करारात एकदाही येत नाही. मैत्रीच्या जिव्हाळ्याला "फिलिया", घरच्या मायेला "स्टॉर्गे". आपल्या मराठी बायबलमध्ये अगापेला प्रीती घेतलं आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात तर भाषांतरकारांनी फार बारीक काम केलंय. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, दोनदा विचारतो "प्रीती करतोस काय" आणि पेत्र दोन्ही वेळा उत्तर देतो "प्रेम करतो". तिसऱ्या वेळी येशूच पेत्राच्या शब्दावर येऊन विचारतो "प्रेम करतोस काय", तेव्हा पेत्राला वाईट वाटतं. ग्रीकमध्ये तिथं अगापान आणि फिलेइन अशी दोन क्रियापदं आहेत, ती मराठीत प्रीती आणि प्रेम अशी उतरलीत. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी दोन्हींना लव्हच, त्यामुळे तिथल्या वाचकाला हा फरक दिसतच नाही.

पण एक सांगतो, अगापे म्हणजे पवित्र आणि इरोस म्हणजे हलकं अशी सरळ रेघ मारू नका. जुन्या कराराचं जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे त्यात २ शमुवेल १३ मध्ये दावीद राजाच्या मुलाला, अम्नोनाला, सावत्र बहीण तामारेबद्दल जे वाटतं, ज्याचा शेवट तिच्यावर बळजबरी करण्यात झाला, त्यालाही अगापेच म्हटलंय. आणि करिंथकरांस पत्र लिहिणारा पौल दुसरीकडे लिहितो की त्याचा सोबती देमास याला हे जग प्रिय वाटलं म्हणून तो सोडून गेला, तिथंही तेच क्रियापद. म्हणजे शब्द आधी साधाच होता. त्याला वजन आलं ते वापरणाऱ्यांमुळे, क्रूसाच्या गोष्टीमुळे.

वसईची लेक:
मास्तरांशी सहमत. आमच्याकडे कॅथलिक घरात पण हा प्रश्न नेहमी येतो, लग्नाच्या तयारीच्या वर्गात तर येतोच. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं २००५ चं पहिलं विश्वपत्र (पोपनी सगळ्या चर्चला लिहिलेलं पत्र) "देउस कारितास एस्त", म्हणजे "देव प्रीती आहे", याच विषयावर आहे. त्यात ते म्हणतात की इरोस आणि अगापे पूर्णपणे वेगळे करताच येत नाहीत, वर चढणारं प्रेम आणि खाली उतरणारं प्रेम, दोन्ही एकमेकांत मिसळले तरच खरं प्रेम होतं. देवाचं माणसावरचं प्रेम सुद्धा इरोस आहे आणि पूर्ण अगापेही आहे असं त्यात आहे, आणि होशेय संदेष्ट्याचं उदाहरण आहे, बायको सोडून गेली तरी तिला परत आणणारा नवरा. मला ते फार पटतं. नवऱ्याबद्दल जे वाटतं ते कमी दर्जाचं आणि देवाबद्दल वाटतं ते उच्च, असं शिकवलं की मुली लग्नात घाबरतात, हे मी स्वतः पाहिलंय.

मांडवीकाठचा:
मी पणजीचा, कोंकणी बोलतो, मराठी वाचत लिहितो. आमच्याकडे "मोग" हा एकच शब्द आहे. "देवाचो मोग" म्हणतात आणि मुलगा मुलीला "हांव तुजो मोग करतां" म्हणतो तेव्हाही तोच. कुणाला अडत नाही. म्हणजे शब्द एक असला तरी चालतं, कुठून कुठे जातोय ते बोलणाऱ्याच्या तोंडावर दिसतं.

नगरची मी (मूळ धाग्यावाली):
सगळ्यांचे आभार, विशेष म्हणजे मास्तर तुमचे, पेत्राची गोष्ट मी शंभर वेळा वाचलीय पण प्रीती-प्रेम असा बदल आहे हे कधी बघितलंच नव्हतं, आत्ता आजीचं जुनं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बघितलं, आहे.

यावरून मला एक सुचतंय. फरक नामात शोधण्यापेक्षा क्रियापदात शोधला तर? आपण म्हणतो प्रेम बसलं, प्रेम जडलं, जीव जडला, मन बसलं. म्हणजे ते आपोआप होतं, माणूस त्यात काही करत नाही, त्याच्यावर ते येऊन पडतं. आणि येशू काय म्हणतो? "आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा". आज्ञार्थ आहे! जडण्याची आज्ञा कोणी देऊ शकत नाही ना. त्याच्यावर प्रेम बसव असं कोणी कोणाला सांगितलं तर ती जबरदस्तीच. पण "कर" म्हणता येतं कारण करणं आपल्या हातात आहे. मला वाटतं मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. हेवा वाटतो ते जडलेल्या भागाला, त्या अध्यायात जे आहे ते करण्याच्या भागाबद्दल.

बोरीचं झाड:
पण "मी तिच्यावर प्रेम केलं" असं पण म्हणतातच की. रोमँटिक अर्थानेच म्हणतात.

नगरची मी:
हो, म्हणतात. तुमचं बरोबर आहे, माझी रेघ तितकी सरळ नाही. आणि वसईच्या ताई म्हणतात तसं ती असायलाही नको, कारण इफिसकरांस पत्रात तर नवऱ्यांनाच आज्ञा आहे, ख्रिस्ताने मंडळीवर (म्हणजे चर्चवर, विश्वासणाऱ्यांवर) प्रीती केली तशी आपापल्या पत्नीवर करा. म्हणजे लग्नात जडलेलं पण असतं आणि करायचं पण असतं.

पण आजीचं शास्त्र हातात घेतलं आणि आजी आठवली म्हणून लिहिते. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी तिसरीत होते, ते गेले तेव्हा मी कॉलेजात. तेवढी सगळी वर्षं आजी पहाटे उठून पाणी तापवायची, लुगड्याचं जुनं टोक त्यात बुडवून पिळून त्यांचे कान, मान, बोटांच्या मधली जागा पुसायची, मग एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायची, पाठ लाल झालीय का बघायची. शेजारणी दारावरून चला चला म्हणायच्या तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं, "थांबा गं, आधी ह्यांचं करते". कुणी कौतुक केलं तर म्हणायची लग्न ठरलं तेव्हा मला ते आवडलेही नव्हते. प्रेम, प्रीती, यातला एकही शब्द तिनं आजोबांबद्दल कधी उच्चारला नाही. आणि ती गेल्यावर सगळं गाव एकच म्हणालं, "म्हातारीनं त्यांचं फार केलं".

सासूचं केलं, आईचं केलं, शेवटपर्यंत त्याचं केलं. आपण काय केलं ते सांगतच नाही, नुसतं "त्याचं केलं" म्हटलं की ऐकणाऱ्याला अंघोळ, औषध, जागरणं, सगळं कळतं. मला वाटतं अगापेला मराठीत शब्द हवाच असेल तर हा आहे. त्या अध्यायातलं "अपकार स्मरत नाही" पण असंच आहे, आजीला ज्या दिवशी आजोबांनी शिव्या दिल्या त्या दिवशीही पाणी तापलंच.

जुना मास्तर:
ताई, त्या "अपकार स्मरत नाही" मधलं ग्रीक क्रियापद हिशोबातलं आहे, "लोगिझेताई", खात्यावर मांडणं. तुमच्या आजीनं वही ठेवलीच नव्हती.

तुमच्या "करणं" या शब्दाबद्दल मला एकच शंका होती. ते घरच्यांपुरतं वापरतो आपण, वैऱ्याचं केलं असं कुणी म्हणत नाही. म्हणून लूकचा १० वा अध्याय काढला. शास्त्री विचारतो माझा शेजारी कोण, तर येशू यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला, याजक बघून निघून गेला, लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, निघून गेला, आणि थांबला तो शोमरोनी, ज्यांच्याशी यहूदी लोक संबंधच ठेवत नसत. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, तिथल्या माणसाला दोन दिनार दिले आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. तुमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर त्यानं त्या परक्याचं केलं. गोष्ट सुरू व्हायच्या आधी प्रीतीची आज्ञा येते, पण गोष्टीत प्रीती हा शब्द एकदाही नाही, फक्त त्याला कळवळा आला एवढं आहे. आणि शेवटी येशू शास्त्र्याला म्हणतो, "जा आणि तूही तसेच कर".

नगरची मी:
कर! मास्तर, हे आत्ताच मैत्रिणीला पाठवते.