वायपर अर्ध्या काचेवरच उभे राहतात, फ्यूज ओके आहे, मोटार बदलू का?

गुहागरकर_८
मंडळी, नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, उभी असते मागच्या अंगणात, समुद्र अगदी हाकेवर. आठवडाभर वायपर मरगळलेत, हाय केलं तरी लोसारखेच, आणि बंद केले की खाली येऊन बसत नाहीत, असतील तिथेच थांबतात. परवा चिपळूणहून येताना शृंगारतळीच्या पुढे भर पावसात दोन्ही मधोमध अडकले, डोकं खिडकीबाहेर काढून कसंबसं घर गाठलं. फ्यूज काढून बघितला, शाबूत आहे. गॅरेजवाला म्हणतो मोटार गेली. गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत काम व्हायला हवं, काय करू?

वायरिंगवाला_रत्नागिरी
थांब, मोटार घेऊ नकोस एवढ्यात. हायवर पण स्लो म्हणजे पहिला संशय अर्थवर, म्हणजे मोटारची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने जिथे जोडलेली असते त्या जोडावर, खाऱ्या हवेत तो बोल्ट आधी सडतो. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव, वायपर चालू कर, एक पिन मोटारच्या कनेक्टरमधल्या अर्थ वायरला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. वायपर बंद ठेवून मोजलंस तर शून्यच दिसणार, तिथेच बरेचजण फसतात. आणि मोटारच्या बॉडीला पिन लावू नको, बऱ्याच गाड्यांत ती रबरी बुशवर बसवलेली असते, अर्थ वायरमधूनच जातो.
खाली न बसण्याचं म्हणशील तर स्विच ऑफ केला तरी मोटारला आतल्या पार्क कॉन्टॅक्टमधून करंट मिळत राहतो, पाती खाली पोचली की तो तुटतो. तो कॉन्टॅक्ट मोटारच्या गिअरच्या झाकणाखाली असतो. पण आधी अर्थ.

देवगडी_हापूस
वायरिंगवाला म्हणतो ते बरोबर आहे पण लिंकेज, म्हणजे मोटारपासून पात्यांपर्यंतचे दांडे, पण बघा ना. आमच्याकडे काचेखालच्या जाळीत आंब्याची पानं कुजून पाणी तुंबलं आणि पिव्होट (पाती ज्यावर फिरतात ते खुंटे) गंजून जाम झाले, मोटार बिचारी जोर लावून लावून फ्यूज उडवायची. लिंकेजचा दांडा मोटारपासून सोडव आणि आर्म हाताने फिरवून बघ, हलकं फिरलं पाहिजे. आणि फ्यूज मोठा घालू नका रे कोणी, आमच्या शेजाऱ्याने घातला, वायर जळली.

कुडाळचो_झिल
मेल्या आधी उंदीर बघ. माज्या गाडयेची वायर उंदरान कुरतडल्यान, मी उगाच रिले बदललंय 😅

गुहागरकर_८
अपडेट. मीटरवर १.९ व्होल्ट! काचेखालचं प्लास्टिक उघडलं तर अर्थचा बोल्ट हिरवा झालेला, त्याखाली रिंग टर्मिनल अर्धं खाल्लेलं. टर्मिनल नवीन दाबून घेतलं, पत्रा पॉलिश पेपरने घासला, वर व्हॅसलीन चोपडलं, आता ०.१ येतं. हायवर वायपर असे सुटले की आई म्हणाली काच फोडतोस का. उंदीर नव्हते, पालीची अंडी होती. पण बंद केल्यावर अजून चारातून एकदा मध्येच थांबतात.

वायरिंगवाला_रत्नागिरी
मग आता ते गिअरचं झाकण उघड. ग्रीस जुनं होऊन काळं पडलं असेल, पेट्रोलने नको, कॉन्टॅक्ट क्लीनरने पुस, तांब्याच्या पट्ट्या किंचित उचल, जोरात वाकवशील तर तुटतील. उघडायच्या आधी फोटो काढून ठेव.