थायरॉइडचे सर्व रिपोर्ट नॉर्मल, तरीही डोळा पुढे आलेला

प्रश्न (तासगाव, जि. सांगली):
माझ्या थोरल्या वहिनींचा उजवा डोळा दिवाळीपासून पुढे आल्यासारखा दिसतो. वरची पापणी ओढली गेल्यामुळे बुबुळाच्या वरचा पांढरा भाग उघडा राहतो आणि सकाळी पापण्यांवर सूज असते. टीएसएच, टी-३ आणि टी-४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या. केवळ अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची एक अँटिबॉडी) वाढलेले आहे. एका डॉक्टरांनी थायरॉइडचा संबंध नाही असे सांगितले, तर मिरजेतल्या नेत्रतज्ज्ञांना थायरॉइडचीच शंका आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर १ (नेत्रतज्ज्ञ, सातारा):
नेत्रतज्ज्ञांची शंका रास्त आहे. टीएसएचवरून ग्रंथीचे काम कसे चालले आहे एवढेच कळते, पण थायरॉइडशी निगडित या नेत्रविकारात शरीराची प्रतिकारशक्ती टीएसएच-रिसेप्टरविरुद्ध (पेशीवर टीएसएच जिथे जोडले जाते त्या जागेविरुद्ध) ज्या अँटिबॉडी तयार करते, त्यांना तोच रिसेप्टर डोळ्यामागच्या फायब्रोब्लास्ट (जोडऊती बनवणाऱ्या) पेशींवरही सापडतो. त्या पेशी चेतवल्या गेल्या की पाणी धरून ठेवणारे हायलुरोनन साचते, चरबी आणि स्नायू फुगतात आणि हाडांच्या खोबणीत जागा नसल्याने डोळा पुढे ढकलला जातो. या नेत्रविकाराच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये हार्मोन नॉर्मलच असतात, आणि त्यांच्यात एकाच डोळ्याला अधिक त्रास होणे विशेष आढळते.

अँटी-टीपीओवर मात्र फार विसंबू नये, कारण कोणताही त्रास नसलेल्या अनेक स्त्रियांमध्येही ते वाढलेले असते. ‘ट्रॅब’ ही रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी करून घ्यावी. ती निगेटिव्ह आली म्हणून विकार नाहीच असेही नव्हे. एकाच डोळ्याची तक्रार असल्यामुळे गाठ किंवा अन्य दाह नाही ना, हे पाहण्यासाठी सीटी किंवा एमआरआय टाळू नये.

उत्तर २ (लॅब तंत्रज्ञ, सांगली):
वहिनी केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात का, हे आधी विचारावे. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी आणि ट्रॅब खोटे जास्त येऊ शकते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, आणि लॅबलाही तसे सांगावे. ही चौकशी बहुतेक ठिकाणी होतच नाही.

प्रश्नकर्ता:
बायोटिन घेत नाहीत. घरात भाऊ विड्या ओढतात. सेलेनियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर १ (नेत्रतज्ज्ञ, सातारा):
विड्यांचा धूर वहिनींपासून दूर ठेवावा. धूम्रपानाने हा विकार बळावतो आणि उपचारांचा गुणही कमी येतो. सेलेनियमबद्दल बोलायचे तर, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात सौम्य विकाराच्या रुग्णांना १०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, असे सहा महिने दिल्यावर फायदा दिसला होता. तरीही विकार सौम्य आहे की नाही हे तपासल्याशिवाय दुकानातून गोळ्या आणू नयेत. ग्रंथीचे काम पुढे कधीही बिघडू शकते, म्हणून टीएसएच दर तीन ते सहा महिन्यांनी करावे. मात्र लाल रंग फिका दिसू लागला, नजर मंदावली किंवा झोपेत डोळा पूर्ण मिटेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मिरज गाठावे.