राणी माशाचा कामाबोको भुसभुशीत का होतो?

भाट्याची_खाडी
मिरकरवाड्याला उतरणारी राणी बर्फात भरून सुरिमीच्या (धुतलेल्या मासळीच्या लगद्याच्या) कारखान्यात जाते आणि तिथून जपानला, एवढं ऐकून माहीत आहे. आपल्याकडे तिला पापलेट-सुरमईचा मान नाही, काट्यांना कंटाळून बरेच जण हातही लावत नाहीत. मग जपान्यांना तीच का हवी?

दुसरं म्हणजे, त्याच राणीचा कामाबोको (वाटलेल्या मासळीची जपानी वडी) घरी जमत नाही. अर्धा किलो मांस मिक्सरला वाटलं, दोन चमचे मीठ, दोन चमचे कॉर्नफ्लोर, 25 मिनिटं वाफ. रंग मळकट येतो आणि सुरी लावली की भुगा. जपानी कामाबोकोचा काप वाकवला तरी मोडत नाही. मीठ कमी पडतंय की पीठ?

वाफेचा_डबा
मीठ बरोबर आहे, पीठही पुरे. मांस धुतलेलं नाही आणि मिक्सरमध्ये तापलंय, गोची तिथे आहे.

लवचिकपणा देतं ते मायोसिन, मांसातलं एक प्रथिन. त्याच्या भोवती पाण्यात विरघळणारी प्रथिनं, रक्त, चरबी आणि विकरं (एन्झाइम) असतात, ती मायोसिनची जाळी नीट विणू देत नाहीत. मळकट रंग आणि उग्र वासही त्यांचाच. हे सगळं धुऊन काढलं की उरतं ती सुरिमी.

1 किलो अख्खी राणी घ्या. डोकं, आतडी, पोटातला पापुद्रा काढा आणि पाठीच्या काट्यालगतचं रक्त जुन्या टूथब्रशने घासून टाका. तुकडी सोडवून चमच्याने शेपटीकडून डोक्याकडे मांस खरवडा. कातडीलगतचा लालसर पट्टा सोडून द्या. साधारण 350 ग्रॅम खिमा मिळेल. त्याच्या चौपट बर्फाचं पाणी घालून 5 मिनिटं हळू ढवळा, 5 मिनिटं ठेवा, वर आलेला तवंग आणि पाणी ओता. असं तीनदा. शेवटच्या पाण्यात मात्र लिटरला 3 ग्रॅम मीठ घाला. नुसत्या पाण्याने मांस फुगून पाणी धरून बसतं, या चिमूटभर मिठाने ते सोडतं. मग पंच्यात बांधून चांगलं पिळा. इथे आळस केला की पुढचं सगळं पातळ. पिळून 250 ते 300 ग्रॅम उरलं म्हणजे ठीक.

आता मिक्सरचं भांडं फ्रीजरमध्ये थंड करून मांस आधी नुसतं फिरवा, मग वजनाच्या 2.5 टक्के मीठ. 300 ग्रॅमला साडेसात ग्रॅम. थांबत थांबत 3-4 मिनिटं. पीठ, साखर, अंड्याचा पांढरा भाग मिठानंतर, कारण आधी प्रथिन मिठात सुटायला हवं. वाटण चकचकीत झालं, चमच्याला चिकटून ताणलं जाऊ लागलं की थांबा. थर्मामीटर असेल तर 10-12 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. मिक्सर गरम लागायला लागला की बर्फाचा चुरा टाका, पण तोही मोजून, 300 ग्रॅमला 30 ग्रॅमपर्यंत.

तोकाइदो_ते_तेरेखोल
राणीच का, याचं उत्तर थोडं लांबचं आहे.

कामाबोकोचा उल्लेख 1115 सालच्या एका मेजवानीच्या नोंदीत सापडतो; त्या आकड्यावरूनच जपानमध्ये 15 नोव्हेंबर, म्हणजे 11-15, हा कामाबोको दिवस धरतात. तेव्हा तो बांबूच्या काडीभोवती लिंपून भाजत, पाणकणसासारखा दिसे. तो प्रकार आज चिकुवा म्हणून राहिला आणि कामाबोको लाकडी फळीवर गेला. पूर्वेकडे, ओदावाराच्या बाजूला, फळीवर वाफवतात. ओसाकाकडे भाजण्याची रीत. फळी नुसती शोभेची नसते, वाफेतलं जास्तीचं पाणी ती शोषून घेते. नवीन वर्षाच्या ताटात लाल-पांढरे काप लागतातच.

हे सगळं ताज्या मासळीवर चाले. होक्काइदोला सुकेतोदारा (अलास्का पोलॉक हा मासा) भरपूर मिळे. त्याची गाबोळी खारवून खपायची, मांसाला मात्र भाव नव्हता, कारण गोठवलं की त्याचा स्पंज होई. 1960 मध्ये तिथल्या संशोधकांनी धुतलेल्या मांसात साखर मिसळून गोठवलं, तर प्रथिन टिकलं. पुढे गोडी कमी करायला निम्मी साखर काढून सॉर्बिटॉल आलं. आजही साधारण 4 टक्के साखर, 4 टक्के सॉर्बिटॉल आणि थोडं फॉस्फेट घालून 10 किलोच्या लाद्या करतात. मग जपानी कारखाना-जहाजं थेट बेरिंग समुद्रात जाऊन हे करू लागली.

1977 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने 200 सागरी मैलांची हद्द लावली आणि ते पाणी जपानला जवळजवळ बंद झालं. माल विकत घेणं आलं, दुसरे मासे शोधणं आलं. थायलंडच्या समुद्रातली राणी त्यात उत्तम ठरली: मांस पांढरं, चरबी कमी, ओढ (दाताला लागणारा लवचिकपणा) चांगली. जपानी बाजारात तिला इतोयोरी म्हणतात. आपल्या राणीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव निमिप्टेरस जापोनिकस आहे, हा नुसता योगायोग. एक दुरुस्ती: इथला सगळा माल जपानलाच जात नाही, थायलंड, कोरिया, चीन, युरोपही घेतात.

भाट्याची_खाडी
दोघांचेही आभार. मग बांगडा किंवा तारली का चालत नाही? आणि वाटण रात्री करून सकाळी वाफवलं तर?

चोरबोंबील
रात्री करून ठेवू नका. मीठ लागलेलं वाटण फ्रीजमध्येही हळूहळू घट्ट होतं, सकाळी आकार द्यायला गेलात तर तुटतं आणि पुन्हा जुळत नाही. धुतलेलं बिनमिठाचं मांस बर्फात रात्रभर राहील, पण तेही ताज्याची सर नाही.

वाफेबद्दल वर राहून गेलं. जपानी कारागीर दोन शब्द वापरतात, सुवारी आणि मोदोरी. 40 अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवलं की जाळी विणली जाते, ती सुवारी. 50 ते 70 अंशांच्या पट्ट्यात, विशेषतः 60 ला, उरलेली विकरं तीच जाळी कुरतडतात, ती मोदोरी. राणीत हा त्रास चांगलाच जाणवतो. म्हणून आकार देऊन, झाकून, बोटाला कोमट लागेल अशा पाण्यावर 30 मिनिटं ठेवा आणि मग खळखळ वाफ आलेल्या भांड्यात एकदम घाला, 20 मिनिटं. थंड भांड्यात ठेवून खालून मंद आच लावणं हीच बहुतेकांची चूक, वाटण त्या 60 च्या पट्ट्यात रेंगाळतं. उतरवल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर वरची साल सुरकुतते.

बांगडा-तारलीत लाल मांस आणि चरबी जास्त, आणि मेल्यावर मांस पटकन आंबट होतं, त्यात मायोसिन बिघडतं. पहिल्या पाण्यात लिटरला 2 ते 3 ग्रॅम खायचा सोडा घातला तर सुधारतं, पांढरं होत नाही. जपानमध्येही शिझुओकाला तारलीसारख्या माशाचा काळपट हानपेन (मासळीची वडी) करतात, काट्यासकट वाटून. लाल मासा वापरायचाच असेल तर कागोशिमाकडची सात्सुमा-आगे करा: हेच वाटण, गाजर-कांदा घालून, 160-170 अंशांच्या तेलात तळून. तळल्यावर रंगाची तक्रार उरत नाही.

चोर बोंबलाचं (लिझर्डफिश, नेहमीचा बोंबील नव्हे; माझ्या नावावर जाऊ नका) मांस पांढरं शुभ्र असलं तरी भुलू नका. त्यात मेल्यावर फॉर्माल्डिहाइड तयार होत जातं आणि ओढ झपाट्याने जाते. अगदी पकडल्या दिवसाचा असेल तरच.

वाफेचा_डबा
सोड्याबद्दल सहमत, पण राणीला सोडा लावू नका. मांस फुगतं आणि पिळलं जात नाही.

आणि खरेदी करतानाच निम्मा निकाल लागलेला असतो. ट्रॉलरवर चार-पाच दिवस खणात दबलेली राणी कितीही धुवा, ओढ यायची नाही. शेवटच्या खेपेचा मासा मागा: डोळा फुगीर, गुलाबी रंग आणि पिवळ्या रेघा शाबूत, पोट घट्ट. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात कोणी ताजी म्हणून राणी देत असेल तर कामाबोकोच्या भानगडीत पडू नका, सार करा.

जमलं की नाही ते बघायला कारखान्यातलीच परीक्षा घ्या. थंड झाल्यावर 3 मिमीचा काप काढा, अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा. चौघडीला चीर गेली नाही तर वरचा दर्जा. पहिल्याच घडीला तुटला तर पाणी राहिलं किंवा वाटण तापलं. खायला मात्र काप 12 मिमीच्या आसपास जाड हवा, पातळ कापात ती ओढ दाताला कळत नाही.

तोकाइदो_ते_तेरेखोल
त्या ओढीला जपानीत आशि म्हणतात, म्हणजे पाय. आशि चांगली म्हणजे माल चांगला.

जाता जाता: हॉटेलातली क्रॅब स्टिकही हीच सुरिमी, 1970 च्या दशकात जपानमध्ये निघालेली. त्यात कुर्ली बहुधा नसते, पण तिचा अर्क आणि अंड्याचा पांढरा भाग असू शकतो. कुर्ली-कोळंबी किंवा अंडं सोसत नसेल त्यांनी पाकीट वाचूनच घ्यावी.