जाहिरात खाली गेली की बोली वाढवायची? (टॉवेल-चादरवाल्यांसाठी)

ताणाबाणा:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गूगलच्या जाहिरातींवर एकच औषध चालतं: जाहिरात खाली गेली, वाढवा बोली (म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार तो आकडा). माझ्या मते हे पैसे पाण्यात. दर शोधाला गूगल जाहिरातींचा लिलाव करतं. जागा ठरते अ‍ॅड रँक या गुणांकावर, आणि त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही धरतात. ढोबळ हिशेब बघा. ‘टॉवेल होलसेल’ या शोधावर तिघं उभे आहेत. पहिल्याची बोली ३० रुपये, दर्जा ४, गुणाकार १२०. दुसऱ्याची १८, दर्जा ८, म्हणजे १४४. तिसऱ्याची १६, दर्जा ५, म्हणजे ८०. सगळ्यात वर दुसरा. पैसे पूर्ण बोलीचे नाही, खालच्याला मागं टाकण्यापुरतेच द्यायचे. म्हणून त्याला क्लिकमागे पडतात १२० भागिले ८, म्हणजे १५ रुपये नि वर काही पैसे. ३० ची बोली लावणारा त्याच्या खाली बसतो आणि ८० भागिले ४ असे २० रुपये भरतो. जागा खालची, भाडं जास्त!

दर्जा तीन गोष्टींवर बघतात: क्लिक होण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि क्लिकनंतर उघडणारं पान. आपल्याकडे मार बसतो तो तिसऱ्यात. ‘टेरी टॉवेल’ शोधणाऱ्याला होमपेजवर नेऊन सोडतात. तिथं संस्थापकांचा फोटो आणि मोबाइलवर उघडता उघडत नाही अशी जड पीडीएफ. वजन, साइज, किमान ऑर्डर यांचा पत्ता नाही.

होटगी रोड:
गुणाकार समजवायला ठीक आहे, पण तो शब्दशः धरू नका. खात्यात दिसणारा १ ते १० चा क्वालिटी स्कोअर (दर्जाचा आकडा) निदानापुरता असतो, लिलावात तो आकडा वापरत नाहीत. रँक प्रत्येक शोधाला नव्यानं निघते. शोधणारा कुठं आहे, मोबाइलवर आहे का, वेळ कोणती, नेमके शब्द काय, हे सगळं त्यात येतं. शिवाय किमान रँकची अट असते. समोर एकही स्पर्धक नसला तरी ती ओलांडावीच लागते. ‘आपण एकटेच, मग क्लिक महाग का?’ याचं उत्तर बहुतेक वेळा तिथं असतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळा. ‘सोलापुरी चादर’ शोधणाऱ्यांत घरी एक चादर हवी असणारेच जास्त. ‘स्वस्त सोलापुरी चादर’ असं शीर्षक दिलं की क्लिक भरपूर येतील, दर्जा चढेल, रँक चढेल, आणि फोनवर दिवसभर ‘एक पीस मिळेल का?’ तेच शीर्षक ‘फक्त घाऊक, किमान १०० नग’ असं करा. क्लिक घटतील, दर्जा उतरेल, क्लिक महाग होईल. तरीही घाऊकवाल्यानं हेच करावं, आणि वर यायला बोली वाढवावी. १५ रुपयांचे दहा वाया जाणारे क्लिक घेण्यापेक्षा ४० चा एक व्यापारी स्वस्त.

पार्क चौक:
यात इतिहास बघण्यासारखा आहे. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या सर्च इंजिननं जास्त पैसे देईल त्याला वरची जागा, असा सरळ बाजार मांडला. गूगलनं २००२ मध्ये त्यात क्लिकचं प्रमाण मिसळलं. क्लिक झाला तरच पैसा, मग कुणी न शिवणारी महाग जाहिरात वर ठेवून गूगलला काय मिळणार? ‘दर्जा’ हा आधी त्यांच्या गल्ल्याचा हिशेब आहे.

ताणाबाणा:
होटगी रोड, तुमचं शीर्षक मान्य, पण ते ‘सोलापुरी चादर’वर लावताच कशाला? घाऊकचा अ‍ॅड ग्रुप (ठरावीक शोधशब्द आणि त्यांच्या जाहिरातींचा गट) वेगळा करा: ‘टॉवेल मॅन्युफॅक्चरर’, ‘हॉटेल टॉवेल बल्क’. तिथं ‘किमान १०० नग’ वाचून व्यापारी क्लिक करतोच. दर्जाची तुलनाही त्याच कीवर्डवरच्या (शोधशब्दावरच्या) इतर जाहिरातदारांशी होते. ‘एक पीस’, ‘मीशो’, ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे शब्द निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे त्या शोधांना जाहिरात दिसणारच नाही. साइटलिंक (जाहिरातीखालच्या जादा लिंक), कॉलआउट (छोट्या जादा ओळी) भरा. २०१३ पासून त्यांचाही परिणाम रँकमध्ये धरतात.

शेंगाचटणी:
भांडा की निवांत, पण बोलीला हात लावण्याआधी दोन कॉलम उघडा: रँकमुळे गेलेला इम्प्रेशन शेअर आणि बजेटमुळे गेलेला. इम्प्रेशन म्हणजे जाहिरात एकदा दिसणं; दिसू शकली असती पण दिसली नाही, तो हा गेलेला वाटा. बजेटमुळे गेलेला मोठा असेल तर बोली वाढवून दुपारीच खिसा रिकामा. आणि रोज स्वतःचीच जाहिरात गूगलवर शोधू नका बे. विनाक्लिक इम्प्रेशन साचतात. त्यासाठी अ‍ॅड प्रिव्ह्यू टूल आहे.

लोकेशनचंही बघा. फक्त सोलापूर निवडून ‘तिथं असलेले लोक’ एवढंच ठेवलं, तर नागपुरात बसून ‘सोलापूर टॉवेल’ शोधणारा गेला हातचा. गिऱ्हाईक तर बाहेरगावचंच.

होटगी रोड:
वेगळा अ‍ॅड ग्रुप मान्य. पण ‘टॉवेल मॅन्युफॅक्चरर’ शोधणारे महिन्याला किती? चादरीचा मोठा शब्द पूर्ण सोडून चालत नाही, आणि तिथं माझंच गणित लागू आहे. शिवाय टार्गेट सीपीए (एका कन्व्हर्जनमागे किती खर्च चालेल ते सांगून बोली गूगलवर सोडणं) लावलं असेल तर बोली तुमच्या हातात नसतेच, सिस्टीम दर लिलावाला ठरवते. मग बघायचं एवढंच की कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकनंतरची आपल्याला हवी ती कृती, म्हणून काय मोजताय. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरचा प्रत्येक क्लिक मोजलात, तर ती इमानेइतबारे एक पीसवालेच आणून देणार.