मदत हवी आहे: भांडी बाजारातल्या अरुंद दुकानात व्यक्तिचित्र कसे टिपावे?

नमस्कार. मी नाशिकमध्ये छायाचित्रणाच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. कामात गढलेल्या माणसांची सहा व्यक्तिचित्रे सत्राअखेरीस सादर करायची आहेत. पाच कशीबशी जमली, पण सहावे गेले तीन शनिवार हुलकावणी देत आहे.

भांडी बाजारालगतच्या बोळात एक वयस्कर तांबट काका मठारकाम (हातोडीने ठोके देऊन भांडे घडवण्याचे काम) करतात. दुकान जेमतेम आठ फूट रुंद असून उजेड येतो तो फक्त दारातून, आणि काका जमिनीवर बसून, मान खाली घालून हंड्यावर ठोके देत असतात. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम किट लेन्स (आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद) आणि मित्राकडून आणलेली ५० एमएम एफ १.८ (छिद्र खूप मोठे उघडणारी) लेन्स आहे.

पहिल्या शनिवारी झूम १८वर ठेवून, अगदी दोन फुटांवरून टिपले. तृतीयांश नियमाप्रमाणे (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन समान भाग पाडणाऱ्या रेषा जिथे छेदतात, तिथे विषय ठेवायचा) चेहरा डावीकडच्या छेदबिंदूवर ठेवला, मागची भांड्यांची उतरंडही छान आली, पण नाक असे काही फुगले, की काका पडद्याकडे पाहून म्हणाले, "हा मी नव्हे, माझा थोरला भाऊ असेल." दुसऱ्या वेळी ५० लावून समोरच्या ओट्यावरून एफ १.८ला टिपले. चेहरा देखणा आला, मात्र मागचे दुकान पार विरघळून गेले. "हे गृहस्थ बँकेत बसले असते तरी फोटो हाच आला असता," हा सरांचा शेरा मला मुकाट्याने मान्य करावा लागला. तिसऱ्यांदा दारात उभे राहून २४वर टिपले, तर माझीच सावली काकांच्या अंगावर पडली आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२००वर नेऊनही चेहरा मळकट दिसला. फ्लॅश तांब्यावरून परावर्तित होतो आणि काकांनाही तो खपत नाही.

चेहरा न बिघडता दुकानही दिसावे, यासाठी कुठे उभे राहावे आणि दारातल्या उजेडाचा उपयोग कसा करावा? नवी लेन्स घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. ती परवडत असती तर मित्राची आणली नसती.

प्रतिसाद:

नाक लेन्समुळे नव्हे, अंतरामुळे फुगले. कॅमेऱ्यापासून नाक ६० सेंटीमीटरवर असेल, तर कान सुमारे ७२वर असतो, म्हणजे नाकापेक्षा एक पंचमांश लांब. तेच दोन मीटरवर गेलात तर हा फरक जेमतेम सहा टक्के उरतो. त्यामुळे आधी दोन मीटर अंतर पक्के करा आणि मग त्या जागेवरून झूम २४ ते २८च्या दरम्यान ठेवा. चौकटीत पावणेदोन-दोन मीटर रुंदीचे दुकान मावेल. चेहरा मध्याकडे थोडा सरकवा, कारण रुंद कोनात कडेच्या वस्तू ताणल्या जातात. तृतीयांश नियम कधी मोडला तरी चालतो, काकांचा चेहरा मोडून चालत नाही.

उजेडाबाबत, दाराच्या मधोमध थांबू नका, चौकटीच्या एका कडेला सरका. मग प्रकाश तिरपा पडून एका गालावर सावली येईल आणि सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला, तर जागा बरोबर साधली असे समजा. हनुवटीवर तांब्याची नारिंगी झाक येईल. ती पुसू नका, ती त्या कामाचीच आहे. रॉ स्वरूपात (सेन्सरची कच्ची माहिती तशीच जपणाऱ्या फाइलमध्ये) टिपले, तर ती किती ठेवायची हे नंतर ठरवता येईल. ठोके सुरू असताना खाली झुकलेले डोळे दिसणार नाहीत, पण हंडा फिरवून पोचा तपासताना काका क्षणभर मान वर करतील, तेवढ्यात टिपा. आणि एक विचारतो, काका जमिनीवर बसलेले असताना तुम्ही उभे राहून टिपता आहात का?

धागाकर्ता:

मनापासून आभार. तिन्ही शनिवारी मी उभाच होतो. काकांनी पहिल्याच दिवशी बसायला गोणपाट पुढे केले होते, ते मी घाईत असल्याचे सांगून नाकारले. येत्या शनिवारी त्यावरच बसतो आणि फोटो इथे टाकतो.